परफॉर्मन्स गाडीचा क्लच आणि फ्लायव्हील बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माझ्या टर्बो पेट्रोल मॅन्युअल गाडीचा गिअरबॉक्स आत्तापर्यंत दोनदा उतरवलाय, त्यातला दुसऱ्यांदा उतरवायची खरं तर गरजच नव्हती (का ते ५ मध्ये सांगितलंय), आणि तेव्हापासून लोक मला जे विचारतात ते सगळं इथे एकत्र करतोय. आधी साधे प्रश्न, मग किचकट. बोल्टचे टॉर्क आकडे मुद्दाम दिलेले नाहीत कारण ते प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात, ते तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, कोणी तोंडी सांगितलेले वापरू नका.

१. क्लच संपलाय हे नक्की कसं ओळखायचं? जळका वास आला म्हणजे गेला का?

एकदा वास आला म्हणजे गेला असं नाही. चढावर रिव्हर्स घेताना हाफ क्लचवर जास्त वेळ राहिलात तर चांगल्या क्लचचाही वास येतो, गाडी थंड झाली की विषय संपतो. खरी खूण म्हणजे स्लिप. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये साधारण २००० आरपीएमला या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झपकन वर पळाला आणि स्पीड मात्र त्या मानाने वाढला नाही तर क्लच घसरतोय. ही टेस्ट एकदाच करा, परत परत करून उरलेली प्लेटही जाळू नका. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात गाडी सोडायची जी टेस्ट सांगतात ती मला अजिबात पटत नाही, त्यात चांगला क्लचही भाजतो.

रीमॅप केलेल्या (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या) गाड्यांमध्ये स्लिप आधी वरच्या गिअरमध्ये दिसते, कारण तिथे इंजिन पूर्ण टॉर्कच्या पट्ट्यात जास्त वेळ राहतं. पहिल्या-दुसऱ्यात सगळं ठीक वाटतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. गिअरच पडत नसेल तर तो वेगळा आजार, १२ बघा.

२. क्लच किती किलोमीटर चालतो?

याला आकडा नाही. तीच गाडी एकाकडे लाखाच्या वर जाते आणि दुसऱ्याकडे लाँच (उभ्या गाडीतून जोरात सुटणं) मारून मारून एका सीझनमध्ये संपते. ट्रॅफिक, हाफ क्लचची सवय, वाढवलेला टॉर्क आणि टायरची ग्रिप, या चार गोष्टींवर सगळं ठरतं. शेवटची लोक विसरतात. चिकट टायर टाकले की पूर्वी टायर फिरायचा तिथे आता क्लच घसरतो.

३. फ्लायव्हील काय करतं? क्लच गेला तर तेही बदलायलाच लागतं का?

फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेली जड चकती. पिस्टनचे धक्के सुटे सुटे येतात, ही चकती तिच्या वजनाच्या जोरावर ते एकसारखे करते, स्टार्टर तिच्याच दातांवर फिरतो आणि क्लच प्लेट एका बाजूने तिलाच घासते. म्हणजे प्लेट जळली तेव्हा हा पृष्ठभागही तापलेलाच असतो. निळे डाग, केसासारख्या बारीक भेगा, बोटाला जाणवणारी खाच यातलं काहीही दिसलं तर नवीन प्लेट त्याच्यावर तशीच बसवू नका.

सिंगल मास, म्हणजे एकाच अखंड चकतीचं असेल तर बहुतेक वेळा लेथवर किंवा ग्राइंडरवर फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) परत वापरता येतं, ग्राइंडिंग जास्त चांगलं, कारण निळे डाग असतात तिथे लोखंड कडक झालेलं असतं आणि लेथचं टूल त्या जागेवरून उड्या मारतं. पण मॅन्युअलमध्ये किमान जाडी दिलेली असते, तिच्या खाली जायचं नाही. स्टेप असलेलं फ्लायव्हील असेल, म्हणजे प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) बसायची जागा आणि घासायची जागा वेगळ्या उंचीवर, तर दोन्हीकडून सारखंच काढायला लागतं, नाहीतर क्लॅम्पचा, म्हणजे दाबून धरण्याचा, जोर बदलतो. ड्युअल मासची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे.

४. ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे काय आणि ते गेलंय हे कसं कळतं?

एका चकतीच्या जागी दोन, आणि मध्ये वाकवलेल्या लांब स्प्रिंग ग्रीसमध्ये. इंजिनाचे धक्के स्प्रिंग खातात आणि गिअरबॉक्सपर्यंत कमी पोचतात. लूक कंपनीने १९८५ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि आज बहुतेक टॉर्कवाल्या मॅन्युअल गाड्यांमध्ये हेच असतं.

खराब झालं की इंजिन बंद करताना-चालू करताना धडधड होते, आयडलला खडखड येते, कमी आरपीएमला ओढताना गाडी थरथरते. मात्र आवाजावरून लगेच निकाल देऊ नका. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर आधी रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटचा दाब काढून क्लच सोडवणारं) संशय घ्या, पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो असं असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) बेअरिंग असू शकतं. खरी तपासणी गिअरबॉक्स उतरवल्यावरच होते: मागची चकती हाताने दोन्हीकडे फिरवून किती अंश सैल आहे आणि पुढे-मागे किती डुलते ते मोजायचं आणि बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघायचं. ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही, बदला. आणि ड्युअल मासला फेस मारायच्या भानगडीत पडू नका, काही अपवाद सोडले तर कंपन्याच नको म्हणतात.

५. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर काय काय बदलून घ्यावं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. या कामात पार्ट स्वस्त आणि मेहनत महाग, दिवसभर राबून तुम्ही त्या पोकळीपर्यंत पोचता आणि तिथली कुठलीही गोष्ट नंतर गेली तर तोच दिवस परत.

माझं असं झालं. पहिल्यांदा प्लेट आणि प्रेशर प्लेट नवीन टाकली, रिलीज बेअरिंग हातात फिरवून बघितलं, गुळगुळीत वाटलं, म्हणून तेच परत बसवलं. चार महिन्यांत ते किंचाळायला लागलं आणि सगळं परत उतरवलं. हातात फिरवताना बेअरिंगवर भार नसतो, त्यामुळे ते चांगलंच वाटतं, ही गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती म्हणून इथे ठळक सांगतोय.

तर: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, असेल तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून इनपुट शाफ्टला आधार देणारं), फ्लायव्हीलचे बोल्ट, प्रेशर प्लेटचे बोल्ट, क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. फोर्क (रिलीज बेअरिंग सरकवणारा काटा) आणि त्याचा पिव्हट बॉल झिजला असेल तर तोही. स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या फ्लुइडच्या दाबाने रिलीज बेअरिंग सरकवणारा) जर गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवती बसणारा असेल तर तो डोळे मिटून बदला. बाहेर असेल तर गळत नसला तर राहू द्या, तो नंतर अर्ध्या तासात निघतो. मागचं सील टेफ्लॉनचं असेल तर ते बहुतेक वेळा कोरडंच बसवायचं असतं, सवयीने ऑइल लावू नका, सूचना वाचा.

६. रीमॅप केलंय, टॉर्क वाढलाय. स्टेज १, २, ३ यातला कुठला क्लच घेऊ?

स्टेज नंबर विसरा, त्याला कुठलंही समान माप नाही, एका कंपनीचा स्टेज २ दुसरीच्या स्टेज १ एवढा असू शकतो. आकडा बघा, न्यूटन मीटरमधला. क्लच किती टॉर्क पकडेल ते चार गोष्टींचा गुणाकार आहे: घर्षणाचा गुणांक, क्लॅम्पचा जोर, घासणाऱ्या बाजूंची संख्या आणि सरासरी त्रिज्या. समजा गुणांक ०.३, जोर ७००० न्यूटन, दोन बाजू आणि त्रिज्या जवळपास ०.१ मीटर, तर होतात साधारण ४२० न्यूटन मीटर. म्हणजे पकड वाढवायचे रस्तेही चारच. जोर वाढवा, पेडल जड होईल. गुणांक वाढवा, क्लच चावरा होईल. त्रिज्या वाढवायला बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीचं कवच) जागा नसते. चौथा रस्ता प्लेटची संख्या, ट्विन प्लेटमध्ये तोच जोर वापरून पकड दुप्पट होते, म्हणून जास्त ताकदीच्या गाडीत ट्विन प्लेट चालवायला उलट सोपा पडू शकतो. पोर्शच्या करेरा जीटीमध्ये फक्त १६९ मिलिमीटर व्यासाचा सिरॅमिक ट्विन प्लेट क्लच होता, इतका लहान की इंजिन खूप खाली बसवता आलं, पण गाडी जागेवरून हलवताना बंद पाडण्यासाठीही ती तेवढीच प्रसिद्ध झाली.

माझा सल्ला, तुमच्या इंजिनाच्या चाकावर नाही तर क्रँकवरच्या टॉर्कपेक्षा २०-२५ टक्के वर क्षमता घ्या आणि थांबा. "पुढे मोठा टर्बो टाकणार आहे" म्हणून आत्ता दुप्पट क्षमतेचा क्लच घेऊन रोज ऑफिसला जाणारे लोक मी बघितलेत, सहा महिन्यांत गाडीच विकायला काढतात.

७. ऑरगॅनिक, केव्हलार, सिरॅमिक, सिंटर्ड... रोजच्या वापराला काय?

ऑरगॅनिक. मऊ पकडतो, ट्रॅफिकमध्ये माफ करतो. केव्हलार म्हणजे अरामिड टिकतो भरपूर, पण नीट बसायला वेळ घेतो आणि एकदा जास्त तापून गुळगुळीत झाला की परत सुधारणं अवघड. सिरॅमिक किंवा सिंटर्ड पक (घासणारे सुटे तुकडे) असलेल्या प्लेट उष्णता खातात, पण चालू-बंद स्विचसारख्या पकडतात आणि फ्लायव्हीलही जास्त खातात. वीकएंडला ट्रॅक आणि एरवी रस्ता अशी गाडी असेल तर एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिंटर्ड असलेल्या प्लेटही मिळतात, त्या बघा. मधल्या स्प्रिंग नसलेली सॉलिड हब (हब म्हणजे प्लेटचा मधला भाग) प्लेट रस्त्यावर नको, सगळे धक्के थेट गिअरबॉक्सला जातात.

८. हलकं फ्लायव्हील टाकलं तर गाडी खरंच पळते का?

इंजिनाची ताकद एका एचपीने वाढत नाही, पण इंजिनाला स्वतःलाच फिरवण्यात जी ताकद जाते ती वाचते, आणि किती वाचते हे गिअरवर ठरतं, गिअर रेशोच्या वर्गाने. हिशेब करून दाखवतो. समजा १० किलोचं फ्लायव्हील काढून त्याच आकाराचं ५ किलोचं टाकलं, त्रिज्या १३ सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये फायनल ड्राइव्ह धरून रेशो १४ असेल आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, तर वेग घेताना गाडी जवळपास ८६ किलोने हलकी झाल्यासारखं होतं. पाचव्या गिअरमध्ये रेशो ३.४ धरा, तिथे तोच फायदा उरतो ५ किलो. म्हणजे खालच्या गिअरमध्ये आणि गिअर बदलताना आरपीएम जुळवायला मजा येते, हायवेवर पाचव्यात काहीच कळत नाही.

आता दुसरी बाजू. आयडल थोडं डगमगतं, गाडी उठवताना जास्त आरपीएम द्यायला लागतात, आणि उष्णता. १५०० किलोची गाडी शून्यापासून ३६ किलोमीटर वेगापर्यंत क्लच घसरवत उचलली तर साधारण ७५ किलोज्यूल क्लचमध्ये जळतात. ती सगळी ८ किलोच्या लोखंडी फ्लायव्हीलमध्ये गेली असं धरलं तर ते सरासरी २० अंशांनी तापतं, ४ किलोचं असेल तर ४० अंशांनी, आणि घासणारा पृष्ठभाग तर त्याहून कितीतरी जास्त. ही एका लाँचची गोष्ट, लागोपाठ पाच-सहा मारले की काय होतं ते तुम्हीच बघा. ॲल्युमिनियम किलोमागे लोखंडाच्या जवळपास दुप्पट उष्णता साठवतं पण ते घासायला मऊ, म्हणून त्यावर स्टीलचा बदलता येणारा फेस बसवतात.

आणि एक हात जोडून विनंती. कारखान्यातून आलेलं कास्ट आयर्न फ्लायव्हील लेथवर कोरून हलकं करू नका. जास्त आरपीएमला ते फुटलं तर तुकडे बेल हाउसिंग फोडून पायापर्यंत येतात. हलकं हवं तर स्टील किंवा ॲल्युमिनियमचं, एसएफआय १.१ (शर्यतीच्या पार्टच्या सुरक्षिततेचं मानक) प्रमाणपत्र असलेलं घ्या.

९. ड्युअल मास काढून सिंगल मासचं किट टाकू का?

टाकता येतं, टिकतंही, पण खडखडीची तयारी ठेवा. न्यूट्रलमध्ये आयडलला गिअरबॉक्समधले दात एकमेकांवर वाजतात कारण धक्के खाणाऱ्या स्प्रिंग आता नाहीत. हा आवाज बिघाड नाही, पण रोज ऐकायला सगळ्यांना जमत नाही. किटमधली प्लेट स्प्रिंग असलेल्या हबची असली पाहिजे, ड्युअल मासच्या जोडीला येणारी साधी प्लेट सिंगल मासवर वापरायची नाही, ही चूक फार होते. पोर्शने स्वतः ९६४ आरएसमध्ये हलकं सिंगल मास दिलं होतं, म्हणजे कल्पना चुकीची नाही, गाडी कशासाठी आहे तेवढं ठरवा. ट्रॅकची असेल तर टाका. घरच्यांना घेऊन लांब फिरायची असेल तर चांगल्या कंपनीचं ड्युअल मासच परत टाका.

१०. हे काम घरी करता येईल का?

जॅकस्टँड, गिअरबॉक्स जॅक, टॉर्क पाना, अंश मोजायचा गेज, क्लच सेंटरिंग टूल, जोडीला एक माणूस आणि दोन मोकळे दिवस असतील तर हो. गिअरबॉक्स ४०-५० किलोचा सहज असतो, ऑल-व्हील ड्राइव्हचा त्याहून जास्त, तो छातीवर घेऊन काढायचा विचारही करू नका. जुन्या गाडीच्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे आतली काळी धूळ हवेच्या प्रेशरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, मास्क लावून.

११. बसवताना लोक नेमकं कुठे चुकतात?

जिथे मी स्वतः चुकलो किंवा दुसऱ्यांचं उघडलेलं काम बघितलं, तेवढंच सांगतो.

नवीन फ्लायव्हीलला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसायचं आणि नंतर बोट लावायचं नाही. बहुतेक आधुनिक गाड्यांत फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून घट्ट होणारे असतात, आधी टॉर्क आणि मग ठरावीक अंश, ते एकदाच वापरायचे. बोल्टचं भोक क्रँकमधून आरपार असेल तर धाग्यांना सीलंट लागतो, नाहीतर तेल तिथून झिरपून नव्या प्लेटवर येतं आणि सगळे बिचाऱ्या सीलला दोष देतात. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, वाचा, स्प्रिंगचा फुगीर भाग सहसा गिअरबॉक्सकडे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, एका बाजूने पूर्ण आवळलं तर कव्हर वाकतं. सेल्फ ॲडजस्टिंग प्रेशर प्लेट असेल तर ती खास टूलने दाबूनच बसवायची.

स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टवरच्या खाचा, ज्यांवर हब सरकतो) ग्रीस नखभर, जास्तीचं पुसून टाका, कारण फिरताना ते उडून प्लेटवरच जातं. हबला निकेलचा चकचकीत मुलामा असेल तर ग्रीस लावायचंच नाही. बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना (गिअरबॉक्स इंजिनाशी सरळ जुळवणाऱ्या) जागेवर आहेत का बघा, एकही कमी असेल तर गिअरबॉक्स किंचित तिरका बसतो आणि महिनोन्महिने कोणाला कारण सापडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लटकत सोडू नका, शेवटचे दोन सेंटिमीटर बसत नाहीत म्हणून बोल्टने ओढूनही घेऊ नका. प्लेटचा हब वाकतो. काढा, सेंटर परत बघा, परत लावा.

पुल टाइप क्लच (बेअरिंग ढकलून नाही तर ओढून सुटणारा) असेल तर काढतानाच लक्ष द्या, तिथे बेअरिंग प्रेशर प्लेटला अडकलेलं असतं, ते आधी सोडवल्याशिवाय गिअरबॉक्स मागे येत नाही आणि जोर केला तर फोर्क तुटतो.

१२. सगळं नवीन टाकलं आणि आता गिअरच पडत नाही. काय झालं?

इंजिन बंद असताना गिअर पडतात आणि चालू असताना करकरतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. दहापैकी बऱ्याच वेळा हायड्रॉलिकमध्ये हवा असते. परत ब्लीड करा, म्हणजे ती हवा काढा, प्रेशर ब्लीडरने झालं तर उत्तम. फ्लुइड कुठलं ते रिझर्व्हायरच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक डॉट ४, आणि ते बऱ्याच गाड्यांत ब्रेकशी एकच असतं तेव्हा पातळी खाली जाऊ देऊ नका. हवा नसेल तर संशयाचा क्रम असा: प्लेट उलटी, हब वाकलेला (११ बघा), पायलट बेअरिंग जाम, जुना मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला) नव्या जड प्रेशर प्लेटला पुरत नाही. आत बसणारा स्लेव्ह असेल तर गिअरबॉक्स लागायच्या आधी पेडल कोणीही दाबू नये, पिस्टन बाहेर पडतो.

१३. गाडी उठवताना थरथरते, जडर येतो. परत उघडायला लागेल का?

प्लेट नवीन असेल तर आधी रन-इन पूर्ण करा (१४), बऱ्याचदा जातो. नाही गेला तर तेल किंवा ग्रीस प्लेटवर आलंय, फ्लायव्हीलचा फेस डुलतोय किंवा त्यावर कडक डाग राहिलेत. पण उघडण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट बघा, तुटलेल्या माउंटचा जडर अगदी क्लचसारखाच लागतो आणि माउंट बदलणं फार सोपं आहे.

१४. रन-इन किती आणि कसं?

ऑरगॅनिकला ५०० ते ८०० किलोमीटर, शहरातले. हायवेचे मोजू नका, कारण तिथे क्लच दाबलाच जात नाही आणि प्लेटला फेस घासून बसायला दाब-सोड लागते. या काळात फुल थ्रॉटल नाही, लाँच नाही. सिंटर्डचं वेगळं असतं, बनवणाऱ्याचं ऐका.

१५. पेडल खूप जड झालंय, इंजिनाला काही त्रास होतो का?

होऊ शकतो. पुश टाइप क्लचमध्ये पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग तो सोसतं. म्हणून सिग्नलला पेडल दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा. पेडलची सेटिंग अशी हवी की सोडल्यावर बेअरिंगवर जादा दाब राहणार नाही. मित्सुबिशीच्या सात बोल्टवाल्या ४जी६३ इंजिनाच्या मालकांना क्रँकवॉक (थ्रस्ट बेअरिंग झिजून क्रँक पुढे-मागे सरकणं) हा शब्द चांगलाच माहीत आहे, तसं इंजिन असेल तर फ्लायव्हील उघडं असतानाच डायल गेजने क्रँकचा पुढे-मागे खेळ मोजून लिहून ठेवा.

१६. क्लच डिले व्हॉल्व्ह काढून टाकू का?

काही गाड्यांत, बीएमडब्ल्यूमध्ये विशेष, लाइनमध्ये एक बारीक भोक असतं जे फ्लुइड हळू परत येऊ देतं, म्हणजे पेडल झटकन सोडलं तरी क्लच सावकाश पकडतो आणि गाडीच्या ड्राइव्हलाइनला झटका बसत नाही. पण पटापट गिअर बदलताना तेवढा वेळ क्लच घसरतो. वाढवलेल्या टॉर्कवर मी काढतो. सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात.

१७. नवीन फ्लायव्हील टाकल्यावर गाडी चालूच होत नाही किंवा भयंकर कंपन येतंय, असं का?

काही इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्याच दात किंवा खाचा वाचतो, त्यांचा नमुना वेगळा आला की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) क्रँक कुठे आहे तेच कळत नाही. ऑर्डर करण्याआधी जुनं-नवं शेजारी ठेवून मोजा.

कंपन असेल तर बॅलन्स. काही इंजिनं बाहेरून बॅलन्स केलेली असतात, म्हणजे फ्लायव्हीलवर मुद्दाम एका बाजूला वजन असतं. फोर्डच्या ५.० लिटर व्ही-एटमध्ये जुन्यांना २८ औंस-इंच आणि १९८० च्या दशकातल्यांना ५० औंस-इंच लागतं, अदलाबदल केली तर इंजिन स्वतःला हलवून फोडतं. माझदाच्या रोटरी इंजिनामध्ये मूळ मॅन्युअल फ्लायव्हीलमध्येच काउंटरवेट असतं, हलकं टाकलं की ऑटोमॅटिक गाडीचं वेगळं काउंटरवेट लावायला लागतं, आणि हो, त्यावर बोल्टच्या जागी एकच ५४ मिलिमीटरचा नट असतो, तेवढा सॉकेट आधी आणून ठेवा.

१८. माझी गाडी ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे, हे सगळं मला लागू होतं का?

थोडंच. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीक्यू२०० मध्ये कोरडे क्लच असतात, सहा गिअरच्या डीक्यू२५० मध्ये तेलात बुडलेले. कोरडे बदलताना खास टूल आणि शिमने (पातळ चकत्यांनी) अंतर मोजून बसवणं लागतं, आणि दोन्ही प्रकारांत काम झाल्यावर कॉम्प्युटर लावून बेसिक सेटिंग करायलाच लागतं, नाहीतर क्लच कुठे पकडतो हे गिअरबॉक्सला माहीतच नसतं. ड्युअल मास तिथेही असतं आणि त्याच्या खुणा ४ मधल्यासारख्याच. हे काम घरी करू नका, ज्याच्याकडे टूल आणि स्कॅनर दोन्ही आहेत अशाकडेच द्या, आणि गाडी परत घेताना सेटिंग केल्याचा स्कॅनरचा रिपोर्ट मागून घ्या.